घर पाह्यल्याबिगर सुपारी नाई

॥ श्रीराम ॥

रामपायली
ता. २४ ऑगस्ट २०२५

चि. डॉक्टर श्रुतिका हिले दुर्गाआजीचे सूपभर आशीर्वाद. वि. वि. असे की,

परवा बालाघाटहून धर्मेंद्रचा फोन आला, म्हणजे तुझ्या बापाचा, की पोरीच्या मोठ्या परीक्षेचा निकाल लागला. त्यानं आकडा सांगलान. एवढा लांबलचक आकडा की मी दोनदा म्हणून घेतला अन् पाठ केला. मंग काय, सुपात साखर घेतली अन् साऱ्या आळीत सांगत सुटली की आमच्या श्रुतिकाले एवढे मार्क पडले, जिल्ह्यात कोणाले पडले नसतील. शेजारच्या आनंदीनं तर साखर खाता खाता डोळे पुसले. संध्याकाळी तुझा बाप घरी आला, ऐकलं, अन् ओट्यावर डोकं धरून बसला. म्हणे, माय, थे मार्क नाई होत. तेवढे लोक तिच्या पुढं हायेत.

आता साखर तर लोकाच्या पोटात गेलती. मी म्हटलं, पुढं किती हायेत थे सांगते, मागं किती हायेत थे बी सांग. तर थो म्हणे, मागं त्याहून गंज जास्त हायेत. मंग झालं न. साखर वाया नाई गेली.

पण बाई, मले एक समजत नाई. तू डॉक्टर तर कधीचीच झाली. पाटी लागली, गळ्यात नळी आली, नागपूरच्या दवाखान्यात नोकरी बी लागली. आता आणखी कायचं शिकणं? तुझे आबाजी म्हणतात, डॉक्टर झाल्यावर डॉक्टरी शिकणं म्हणजे लग्न झाल्यावर पोरगी पाहायले जाणं. त्याईचं ऐकू नको. त्याईनं लग्नाआधी मले पाह्यलंच नव्हतं अन् आता पाहायले चष्मा नाई.

तुझा बाप म्हणते अमेरिका. तुझी माय रूपाली म्हणते जबलपूर, म्हणजे दर सणाले पोरगी घरी. तू म्हणते जर्मनी. माझ्यासमोर सारे देशाचे नावं घेतात, पण कोणत्या देशात कसं शिकवतात थे मले कोणी सांगत नाई. आनंदी विचारते तवा मी नुसती मान हलवते. तू मले सारं कागदावर लिहून पाठव. फोनवर तू हौ आजी, ठीक आजी करते अन् ठेवून देते. कागद कसा, दुपारी चष्मा लावून परत वाचता येते. मी चौथी शिकली हाय तुमसरकडच्या मराठी शाळेत, साधं लिहिशीन तर सारं समजते.

माझा डावा गुडघा चुलीसमोरून उठू देत नाई. वारासिवनीचा डॉक्टर म्हणे इंजेक्शन देतो. मी म्हटलं हात लावू नको, माझी नात हाडाची डॉक्टर होऊन राह्यली, तिच्यासाठी राखून ठेवला हाय.

म्हैस व्याली. पारडू झालं. खरवस तुझ्या नावानं आबाजीनं खाल्ला.

आशीर्वादाले वजन नसते म्हणून गंज पाठवले. माया आटू देऊ नको.

तुझी आजी
दुर्गाबाई


नागपूर
दि. ७ सप्टेंबर २०२५

ती. आजीला श्रुतिकाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र हॉस्टेलच्या गेटवर वॉचमनने आधी उलटंपालटं करून पाहिलं, मग मला दिलं. म्हणाला, मॅडम, सगळं ठीक आहे ना घरी? आजकाल पत्र म्हणजे लोकांना कोर्टाची नोटीस वाटते. माझं मराठी कच्चं आहे हे तुला माहीत आहे. हिंदी घुसली तर रागावू नको.

आता ऐक, शांतीने समजावते. मी आता आहे ती सगळ्या रोगांची थोडी थोडी डॉक्टर. हाडांची डॉक्टर व्हायला अजून काही वर्षं मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली शिकावं लागतं. ते शिकवायची पद्धत प्रत्येक देशाची वेगळी.

आपल्याकडे एकच परीक्षा. त्याने नंबर लागतो आणि नंबराप्रमाणे एकेकाला बोलावतात. पहिल्यांना हवं ते. नंतरच्यांना उरलेलं. मला उरलंय ते आहे समाजाच्या आरोग्याचं खातं. ते काम वाईट नाही आजी, लस, पाणी, साथी, सगळं त्यात येतं. पण हाडं नाहीत. जर हाडं मिळाली असती तर आपल्यासारखं शिक्षण कुठेच नाही. तीन वर्षं, आणि पेशंट एवढे की हात आपोआप तयार होतो.

अमेरिकेत आधी त्यांच्या परीक्षा द्यायच्या. मग शेकड्याने अर्ज. ज्या हॉस्पिटलांना आपण आवडलो ती बोलावतात. मग आपण आपल्या पसंतीची यादी लिहायची, ते त्यांची लिहितात, आणि कॉम्प्युटर जोड्या लावतो. मार्चमध्ये एका दिवशी सगळ्यांना कळतं कोण कुठे. शिकवणं एकदम शिस्तीत, पण बाहेरून आलेल्याला तिथे हाडांचं दार जवळजवळ बंद. हे पप्पांना सांगितलं की ते म्हणतात, प्रयत्न कर. जसं काही दार ढकललं नाही म्हणूनच बंद आहे.

इंग्लंडमध्ये परीक्षा दिली तरी आधी साधी नोकरी, मग शिकण्याच्या जागेसाठी पुन्हा रांग. जागा मिळाली की थोडे महिने या गावी, थोडे त्या गावी. काय काय केलं ते लिहायचं आणि मोठ्यांची सही घ्यायची. रस्ता फार लांब.

जर्मनीत जागेसाठी परीक्षाच नाही. त्यांची भाषा शिका, डॉक्टरकीची कागदं आणि तपासणी पूर्ण करा, आणि थेट हॉस्पिटलच्या मुख्य डॉक्टरला लिहा. त्याला पटलं तर त्याने ठेवलं. पहिल्या दिवसापासून पगार. सहा वर्षांत ठरलेली ऑपरेशनं आपल्या हाताने करायची, मग परीक्षा. बस, एवढंच. फक्त किती शिकायला मिळेल ते त्या मुख्य डॉक्टरवर.

आता खबर. एका लहान गावच्या हॉस्पिटलच्या मुख्य डॉक्टरचं, ब्राउअर साहेबांचं, उत्तर आलंय. पुढच्या आठवड्यात व्हिडिओवर बोलणार आहेत. माझी जर्मनची टीचर रोज मला एका नकली म्हाताऱ्याला विचारायला लावते की कुठे दुखतं. मी मनात तुलाच विचारते.

गुडघ्याला शेक दे. आणि राखून वगैरे ठेवू नको, तो काही लोणचं नाही.

आबाजींना नमस्कार, पारडूला माझ्या वाट्याचं दूध.

तुझी, प्रेम कधीच कमी न होणारी
श्रुतिका


॥ श्रीराम ॥

रामपायली
ता. १९ सप्टेंबर २०२५

चि. श्रुतिका हिले अ. आ. वि. वि. असे की,

तुझं पत्र मी वाचलं, आनंदीनं वाचलं, मंग दोघींनी ओट्यावर बसून एकमेकीले वाचून दाखवलं. आबाजी खाटेवरून ऐकत होते, पण झोपल्यासारखं करत होते. आता आम्हाले सारं समजलं. तूच पाहून घे बरोबर हाय का.

आपल्या देशाची पद्धत म्हणजे लग्नाची पंगत. पहिल्या पंगतीले बुंदी, दुसरीले शेव, अन् उशिरा हात धुणाऱ्याले वरणाचं पाणी. वाढप्याचा दोष नाई, जेवणारेच गंज. तू तिसऱ्या पंगतीत बसली बाई. उपाशी नाई उठशीन, पण बुंदी नाई.

अमेरिका म्हणजे सोयरीक. पोरीकडचे आपली पसंत सांगतात, पोराकडचे आपली, अन् मधात मध्यस्थ. आनंदी म्हणे, मध्यस्थ मशीन हाय हे बरं, मशीन दोन्हीकडं जेवून दोन्हीकडं खोटं बोलत नाई. पण आबाजी खाटेवरूनच बोलले की मध्यस्थाले शिव्या देता येतात, मशीनले कशा देशीन? या वयात बी कधी कधी बरोबर बोलतात.

इंग्लंड म्हणजे नव्या सुनेले चार जावांच्या घरी फिरवणं. आज हिच्या इथं धान रोवण्याले, उद्या तिच्या इथं बाळंतपणाले. कामाची होते थे पोरगी, पण तिची चूल कधी मांडते?

अन् जर्मनी म्हणजे आपला सालदार ठेवणं. परीक्षा नाई, यादी नाई. पाडव्याले माणूस दारात येते, मालक त्याच्याकडं पाहते, थो मालकाकडं पाहते, पटलं तर साल ठरलं. आपला महागू असाच आलता. आबाजीनं त्याले एवढंच विचारलं की नांगराची मूठ कोणत्या हातानं धरतं. आयुष्यभर राह्यला आपल्याकडं. पण शेजारच्याकडं कोणताच सालदार पोळ्यापर्यंत टिकत नव्हता, थे बी मी पाह्यलं. सालदारकी चांगली का वाईट, थे सालदारावर नाई, घरावर असते. तू बी शेवटी हेच लिहिलं, मी बरोबर पकडलं न?

म्हणून सांगते. तो साहेब व्हिडिओवर कितीबी गोड बोलला तरी घर पाह्यल्याबिगर हौ म्हणू नको. आपल्यात पोरगी द्याच्या आधी घर पाहायले जातात. अन् घर पाहायले गेलं की सासूले काही विचारायचं नसते. सासू त्या दिवशी नवं लुगडं नेसते. विचारायचं थे मोठ्या सुनेले, अन् थे बी ती भांडे घासत असते तवा. हात राखेत असले की माणूस खरं बोलते. मी तुझ्या आत्याचं घर असंच पाह्यलं होतं अन् लामता गावचं एक स्थळ असंच मोडलं होतं. त्या घरच्या मोठ्या सुनेनं काही सांगलं नाई, नुसती माझ्याकडं पाहून हासली. मले पुरलं.

लिहून लिहून बोट दुखलं. त्या बोटाची डॉक्टर वेगळी असते का तूच?

माया ठेव, अन् झोप पुरी करत जा.

दुर्गाआजी


नागपूर
दि. ३ ऑक्टोबर २०२५

ती. आजीला सा. न.

हो झालं! ब्राउअर साहेब हो म्हणाले. अर्धा तास बोलले, चार हाडांची नावं विचारली, मग विचारलं की हाडंच का. मी आधी पाठ केलेलं उत्तर विसरले आणि तुझ्या गुडघ्याचंच सांगितलं. ते खूप हसले. कागदं पूर्ण झाली की या म्हणाले, करार पाठवताहेत.

आता तुझं घर पाहणं. आजी, तू मनावर घेऊ नको, पण हे नोकरीचं काम आहे, सोयरिकीचं नाही. एवढ्या मोठ्या डॉक्टरला मी कशी म्हणू की आधी तुमचं घर दाखवा? रागावून नाही म्हणाले तर? टेन्शन आधीच कमी नाही. इथली उरलेली सीट घ्यायची की सोडायची ते मला डिसेंबर संपायच्या आत ठरवायचंय. जर्मनीला हो म्हटलं की ती सोडावी लागेल, आणि सोडली की हातात फक्त जर्मनी. मम्मी रोज फोनवर रडते, पप्पा अजून अमेरिकेचं दार ढकलताहेत. बुंदी समोर आली आहे, आता वाढप्याचा चेहरा काय पाहायचा?

साहेबांचा फोटो पप्पांच्या फोनवर पाठवला आहे, बघ. टक्कल आहे पण माणूस दयाळू दिसतो.

एक विनंती. करार हातात येईपर्यंत कोणाला सांगू नको. तुझी साखर आत ठेव.

तुझ्या मायेवर जगणारी
श्रुतिका


॥ श्रीराम ॥

रामपायली
ता. ३० ऑक्टोबर २०२५

चि. श्रुतिका हिले अ. आ. वि. वि.

आधी सांगून ठेवते की साखर मी वाटली नाई. तुझा शब्द पाळला. जे झालं थे सुपारीनं झालं.

दिवाळीले धर्मेंद्र अन् तुझी माय आले. धर्मेंद्रनं फोनवर त्या साहेबाचा फोटो दाखवलान. लाल लाल चेहरा, डोकं घासलेल्या पितळी गंजासारखं, डोळे मात्र चांगले. मले एवढा आनंद झाला की काय करू अन् काय नाई. माझ्या नातीले सातासमुद्रापल्याडच्या माणसानं कामासाठी पसंत केलं, अन् माझ्या गुडघ्यावरून केलं! मी म्हटलं साखर नाई वाटत, पण शब्द तर पक्का करून ठेवू. देवापुढं पाट मांडला, पाटावर फोन ठेवला, साहेबाले कुंकू लावलं, अक्षत टाकली अन् सुपारी फोडली. आपल्यात शब्द असाच पक्का होते, मी काही वेगळं केलं नाई. आनंदी होती, आळीतल्या दोनचार बाया फराळाचं ताट घेऊन आलत्या, त्याईनं पाह्यलं. मी सांगलं की श्रुतिकाचं जर्मनीत पक्कं झालं.

बस एवढंच बोलली मी. आता पाटावर फोटो, कपाळाले कुंकू, फुटलेली सुपारी, अन् पोरीचं पक्कं झालं. बायांनी काय समजायचं थे समजल्या. संध्याकाळपर्यंत साऱ्या रामपायलीले माहीत की डोमाजीच्या, म्हणजे तुझ्या आबाजीच्या, नातीचं लग्न जर्मनीच्या टकल्या म्हाताऱ्याशी ठरलं. दुसऱ्या दिवशी लामत्याहून तुझा खेमराजमामा गाडी करून आला. दारातच चप्पल काढून आबाजीले म्हणे, पोरगी भारी झालती का तुमाले? आपल्यात पोट्टे मेले का? आबाजीले यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याईले वाटलं म्हशीच्या पारडूचा सौदा होऊन राह्यला. म्हणे, वय जास्त असलं तर काय झालं, खाऊ पिऊ घालीन न चांगला. मामा न जेवता गेला.

तुझ्या मायनं पदर तोंडाले लावला, थी रडून राह्यली का हासून राह्यली समजलंच नाई. धर्मेंद्र माझ्याशी अजून बोलत नाई, त्याचं कारण दुसरं हाय. कुंकू फोनच्या बारक्या भोकात गेलं अन् फोन चार्ज होत नाई.

आता बाई, लग्न नाई नोकरी हाय हे मी घरोघर जाऊन सांगलं. लोकं म्हणतात, हौ हौ, सुपारी नोकरीची फुटते का कधी? अन् नोकरी म्हणून मानलं तरी सुपारी फुटली म्हणजे शब्द गेला. उद्या तू नाई म्हटलं तर माझं नाक कापलं जाते, अन् हौ म्हटलं तर लोकं आहेर घेऊन येतात.

आनंदीनंच वाट काढली. तिच्या समाजात असे निवाडे थीच करते, विहारात सारे तिलेच विचारतात. म्हणे, दुर्गे, घर पाह्यल्याबिगर फुटली थे सुपारी नाई होय, थे नुसतं तोंडात टाकायचं खांड होय. तिचा शब्द नाई होत. चार बायांसमोर बोलली अन् चौघींनी मान हलवली. आता माझी इज्जत एवढ्यावर हाय की तू घर पाहायले जाशीन. तू जाऊन आली की मी म्हणीन, बाया हो, आत्ता पाह्यलं, आता ठरवू. नाई गेली तर आंधळी सुपारी फोडणारी म्हणून माझं नाव राहीन.

विचार त्या साहेबाले. घर दाखवायले रागावते थे घर घ्यायचंच नसते.

माझ्यावर हासली असशीन तर माफ हाय, पण रागावू नको.

तुझी सुपारीवाली आजी
दुर्गाबाई


लिंडनबाख, जर्मनी
दि. १८ जानेवारी २०२६

ती. आजीला बर्फातून सा. न.

हे पत्र मी उकळत्या पाण्याच्या पाइपाजवळ बसून लिहितेय, नाहीतर शाई आणि मी दोघी गोठू.

मागच्या पत्रात घाईत एवढंच लिहिलं होतं की विचारलं. खरं सांगू का, लाजेने मी त्यांना सगळंच लिहिलं, सुपारी, कुंकू, खेमराजमामा, सगळं. उत्तर त्याच दिवशी आलं. म्हणाले, इथेही अशीच रीत आहे, करारावर सही करण्याआधी लोक काही दिवस येऊन काम पाहतात, मी तुम्हाला लांबून आहात म्हणून म्हटलं नव्हतं. आणि आजींना सांगा, माझं लग्न झालेलं आहे. बायकोने तुझं कुंकू लावलेला फोटो मागितलाय.

तर मी आले. सासू नव्या लुगड्यात होती, तू म्हणालीस तशीच. साहेब स्वतः स्टेशनवर आले, घरी जेवायला नेलं. ऑपरेशन थिएटर तर असं चकचकीत की आपल्या देवघरात नाही. मी दोन दिवस तरंगत होते. मनात म्हटलं, आजीचं घर पाहणं फुकट गेलं.

तिसऱ्या दिवशी मोठी सून भेटली. अनेलीज नाव, शिकणाऱ्यांमध्ये सगळ्यात जुनी. सगळ्यांच्या कॉफीचे कप एकटीच विसळत होती. मला तुझं राखेतल्या हातांचं बोलणं आठवलं. मी फडकं घेतलं, कप पुसायला लागले, आणि विचारलं की इथे येऊ का मी? ती नुसती हसली, आजी. लामत्याच्या त्या सुनेसारखी. मग बोलायला लागली. साहेब माणूस सोन्यासारखा, पण चाकू हातातून सोडत नाहीत. ती किती वर्षं ऑपरेशनमध्ये पेशंटचा पाय धरून उभी आहे. ठरलेल्या ऑपरेशनांपैकी तिच्या हाताने झालेली फारच थोडी, आणि ती झाल्याशिवाय शेवटच्या परीक्षेला बसता येत नाही. तिच्यानंतर आलेले दोघे सोडून गेले. ती राहिली, कारण नवऱ्याचं काम याच गावात.

आता माझी हालत समज. मुदत संपत होती म्हणून आपल्याकडची सीट मी डिसेंबरमध्येच सोडली. दार मागे बंद, आणि पुढे हे. त्या रात्री सही करून टाकावी असंच वाटलं. पाय धरून तर पाय धरून, जर्मनीत तर असेन. मग आठवलं की तू फुटलेली सुपारी परत घेतलीस, सगळ्या गावासमोर. मी तर अजून फोडलीही नव्हती.

सकाळी साहेबांकडे गेले आणि सरळ विचारलं: ‘‘तुमच्या किती सुनांनी आपली चूल मांडली?’’ जर्मनमध्ये हे कसं म्हणायचं ते टीचरने शिकवलं नव्हतं, मी शब्दाला शब्द बोलले. त्यांनी चुलीचा अर्थ विचारून घेतला. मग म्हणाले की फार नाही. खोटं बोलले नाहीत, यासाठी मी त्यांना मनातून नमस्कार केला. आणि नाही म्हटलं.

बाहेर आले. हातात काहीच नाही. अनेलीज कोट घालून उभी. तिने आधी दोन वर्षं दुसऱ्या गावी काम केलं होतं, गाडीने तासाभरावर. तिथल्या मुख्य डॉक्टर बाई आहेत. तिने त्यांना फोन लावूनच दिला. मी दुसऱ्या दिवशी गेले. जुनं हॉस्पिटल, भिंतीचा रंग गेलेला, कॉफी पाण्यासारखी. पण तिथली सगळ्यात नवी मुलगी, जिला येऊन वर्षही झालं नाही, ती मनगटाचं हाड स्वतः बसवत होती आणि बाई मागे हात बांधून उभ्या होत्या. मोठी सून कपही विसळत नव्हती, तिला वेळच नव्हता. मला प्लास्टर घालायला दिलं. वाकडं झालं, बाईंनी कापून पुन्हा घालायला लावलं. तेही वाकडं झालं. तिसरं बरं झालं.

त्या हो म्हणाल्या आहेत. मी अजून म्हटलेलं नाही. त्यांना सांगितलं की आमच्याकडे सुपारी आजीकडे असते. मी महिनाअखेर नागपूरला परत येते. आता तू सांग, फोडशील?

तुझ्या डोळ्यांनी पाहणारी
श्रुतिका

ता. क. बाईंना गुडघ्याचं विचारलं. म्हणाल्या, सहा वर्षं राखून ठेवलेला गुडघा कोणीच दुरुस्त करू शकत नाही. लगेच दाखव.


॥ श्रीराम ॥

रामपायली
ता. ८ फेब्रुवारी २०२६

चि. श्रुतिका हिले अ. आ. वि. वि.

तुझं पत्र आलं तवा पोस्टमन आधी ओट्यावर बसला, पाणी प्याला, मंग दिलान. त्याले तिकिटावरचं चित्र पाहायचं होतं. मी वाचलं. आनंदीले वाचून दाखवलं. आबाजी या बारीनं उठून बसून ऐकत होते. तू त्या साहेबाले चुलीचं विचारलं तिथं मी आली तवा म्हणे, परत वाच. परत वाचलं. म्हणे, ही तर महागूची नांगराची मूठ झाली. मंग नाक शिंकरलं अन् म्हशीकडं गेले.

आळीत मी सांगून आली की घर पाह्यलं, पहिलं घर नाई पटलं, सुपारी परत. बाया खुश. खेमराजमामानं फोन केला, म्हणे, बरं झालं थो टकल्या मोडला. मी म्हटलं हौ. आता समजावत बसायची माझी हिंमत नाई.

दुसऱ्या घराचं विचारते तर सांगते. मले काहून विचारते? मी पाह्यलं नाई, तू पाह्यलं. वाकडं प्लास्टर कापायले लावलं तिथंच तुले समजलं न? मले इथं बसून बी समजलं. तरी तू माझ्या तोंडाकडं पाहून राह्यली, कारण सहा साल हायेत. मले बी माहीत हाय. धानाचे पऱ्हे, कोवळे रोपं, उपटताना मुळाले माती धरूनच राहते बाई, सोडवून घ्या लागते. पण जो पऱ्हा वाफ्यातच राह्यला त्याले लोंब नाई धरत, मी साऱ्या जिंदगीत एक बी नाई पाह्यला.

म्हणून या पाकिटात सुपारी पाठवली हाय. अख्खी. मी फोडणार नाई. पहिली मी फोडली, त्याचं काय झालं थे साऱ्या लामत्याले माहीत हाय. ही तुझ्याजवळ ठेव. पटलं तर तूच फोड, अन् नाई पटलं तर अख्खी परत आण, मी पूजेत ठेवीन, कोणी काही म्हणणार नाई. अडकित्ता नाई पाठवला, पाकिटात मावत नव्हता. हाडाच्या डॉक्टराजवळ काहीतरी असीनच.

अन् गुडघ्याचं बाईले सांग की डावा आनंदीसोबत जाऊन दाखवून आली. पट्टा देल्ला हाय. उजवा बी आता कुरकुर करून राह्यला, पण थो मी कोणाले सांगलं नाई. थो तुझा.

माया सुपारीसारखी, वाळली तरी जात नाई.

तुझी आजी
दुर्गाबाई


नागपूर
दि. १९ फेब्रुवारी २०२६

ती. आजीला सा. न.

सुपारी दोन दिवस उशीखाली ठेवली. काल दुपारी आमच्या हाडांच्या सरांकडून छोटी हातोडी मागितली, ऑपरेशनची, उकळून ठेवलेली. सर म्हणाले, कोणाचं हाड? मी म्हटलं, माझंच आहे. थिएटरच्या सिस्टरच्या टेबलावर ठेवून मारली. पहिल्यांदा निसटून कपाटाखाली गेली. दुसऱ्यांदा फुटली, अगदी मधोमध. सिस्टरने टाळी वाजवली, तिला काहीच माहीत नव्हतं.

बाईंना हो लिहिलं. मम्मीला फोन केला, ती रडली, मग विचारलं, तिकडे पोहे मिळतात का. पप्पा म्हणाले, जर्मनीतून अमेरिका जवळ आहे.

अर्धी सुपारी या पाकिटात आहे. खाऊ नको, ठेव. अर्धी मी नेतेय. परत येईन तेव्हा जोडून पाहू. हाडं जोडायला शिकलेली असेन, सुपारी काय चीज आहे.

आणि उजवा गुडघा उद्याच्या उद्या दाखव. मी रागावले आहे. हे मराठीत लिहिलंय म्हणून गोड वाटत असेल, पण खरंच रागावले आहे.

तुझी
श्रुतिका